बांधावरची बोर आणि आमचे आबा

आमचे आबा माणसाशी बोलताना झाडाकडे बघायचे. तुम्ही समोर उभं राहून तब्येत विचारा, ते शेवग्याच्या शेंड्याकडे बघून ‘बरी शे’ म्हणणार. आता बरी कोणाची, आबांची का शेवग्याची, हे आपलं आपण ठरवायचं. पहिल्या भेटीत मला वाटलं म्हातारा तिरळा आहे. दुसऱ्या भेटीत वाटलं घमेंडी आहे. तिसऱ्या भेटीनंतर सुमन, म्हणजे माझी बायको, म्हणाली, “त्यांना तुमच्यापेक्षा झाड बघण्यासारखं वाटत असेल. मलाही वाटतं.” तेव्हा विषय मिटला.

मी एसटीतला माणूस. धुळे, अमळनेर, एरंडोल अशा स्थानकांवर मिळून उभा जन्म वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत गेला. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार हे माइकवरून ओरडून सांगणं माझं काम, आणि ते ऐकून बरोबर दुसऱ्याच फलाटाकडे धावणं प्रवाशांचं काम. निवृत्त झालो तेव्हा वडिलांच्या वाटणीतून आलेली वीस गुंठे जमीन एरंडोलजवळ होती. तिच्यावर दोन खोल्या, पुढे ओटा, मागे विहीर असं घर बांधलं आणि धुळ्याचं भाड्याचं घर सोडून आम्ही दोघं तिथं राहायला आलो. आल्या आल्या मी जाहीर केलं, की आता बाग करायची. वास्तविक आमच्या घराण्यातली शेती वडिलांबरोबरच संपली होती. मला मेथी आणि कोथिंबीर यांतला फरक कळायचा, पण तोही जुडी नाकाला लावल्यावर.

वेळापत्रक मात्र रक्तात होतं. पहिल्याच फाल्गुनात मी एका पुठ्ठ्यावर झाडांचं वेळापत्रक लिहून ओट्यावर टांगलं. वांगी सकाळी सात दहा, टोमॅटो सात चाळीस, गुलाब नऊ पाच, मिरची दुपारी बारा तीस. मिरचीला ही वेळ का, तर बाकीच्या वेळा भरल्या होत्या. एके दिवशी बारा तीसला मी डोक्यावर पंचा टाकून मिरच्यांना पाइपाने पाणी देतोय, तर फाटकाशी एक म्हातारा सायकल धरून उभा. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, कॅरियरला ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी. मिरच्यांकडे बघत म्हणाला, “मिरचीले चहा पाजी ऱ्हायनात का, भाऊ?”

मला कळेना. त्यांनी सायकल भिंतीला टेकवली, सरळ आत आले, पाइप स्वतःच्या हातात घेतला आणि माझाच हात त्याच्या धारेखाली धरला. असा चटका बसला म्हणता! सकाळपासून उन्हात पडलेला काळा पाइप, त्यातून आधणाचं पाणी येत होतं, आणि मी आठ दिवस, रोज, वेळेवर, न चुकता, मिरच्या शिजवत होतो. वर ‘रोपंच खराब निघाली’ म्हणून रोपवाल्याला शिव्याही घालत होतो.

हे आबा. सरकारी फळरोपवाटिकेत आधी मजुरी आणि मग माळीकाम करून निवृत्त झालेले. त्यांचं काम डोळे भरायचं. म्हणजे एका झाडाच्या कांडीवरचा अंकुर सालीसकट अलगद काढायचा आणि दुसऱ्या झाडाच्या सालीला चीर देऊन तिच्यात बसवायचा. त्याने जीव धरला की मूळ एकाचं आणि फळ दुसऱ्याचं. आसपासच्या गावांत कितीतरी बांधांवर त्यांच्या हातची झाडं उभी होती. पण त्यांच्या स्वतःच्या घराला हातभरसुद्धा अंगण नव्हतं. बौद्धवाड्यात दोन खोल्या, भिंतीवर बुद्धांची तसबीर, आणि उंबरा ओलांडला की लगेच सिमेंटचा रस्ता. म्हणून रोज सकाळी सायकल काढायची आणि ज्याच्या बागेत काही चुकत असेल तिथे थांबायचं, असा त्यांचा क्रम. माझ्याकडे ते रोज थांबू लागले, यावरून काय ते समजा.

त्यांचा एक नियम होता. “पहिला दिन नुसतं देखानं.” आमच्या लिंबाला फळ धरत नव्हतं. मी खत आणलं, औषध आणलं, कोणीतरी सांगितलं म्हणून बुंध्याला चुना फासला. आबा आले, घमेलं पालथं घातलं, त्याच्यावर बसले आणि तासभर लिंबाकडे बघत राहिले. मी दोनदा विचारलं, “काय करायचं?” आबा चहा प्यायले आणि गेले. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, “पानी बंद करा. त्याले जरा तहान लागू द्या.” मी त्या लिंबाला दिवसातून दोन वेळा, सकाळी सहा पन्नास आणि संध्याकाळी सहा दहा, पाणी पाजत होतो ना! पाणी तोडलं, पानं कोमेजली, माझा जीव खालीवर झाला, आणि मग पुन्हा पाणी दिल्यावर झाड फुलांनी असं भरलं, की सुमन वास घ्यायला मुद्दाम त्या बाजूने जाऊ लागली. मी त्याचे फोटो काढून निवृत्त मित्रांच्या ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, ‘अनुभवाअंती असे लक्षात आले की...’ आबांचं नाव लिहायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे, मी लिहिलं नाही.

‘छान’ हा शब्द त्यांच्याकडे नव्हताच. माझी वांगी पहिल्यांदा भरताजोगी झाली तेव्हा मी त्यांना हाताला धरून वाफ्याशी नेलं आणि शेजारी उभा राहिलो. हिरवीगार, चकचकीत, वीतभर वांगी! आबांनी खूप वेळ बघितलं आणि म्हणाले, “मरनं नई.” म्हणजे मेलं नाही. मी हिरमुसलो. मग सुमनने समजावलं, की आबांच्या शब्दकोशात याच्या वर काही नाही. आणि ओट्यापासून फाटकापर्यंत मी रोज झाडून स्वच्छ ठेवायचो, पाला गोळा करून पेटवायचो, त्यावर तर ते चक्क रागावले. “पाला काबर जाळतस, भाऊ? झाडनं पांघरून शे ते.” उन्हाळ्यात कोण पांघरूण घेतं, असं मी विचारलं. आबांनी दुसऱ्या दिवशी कुठूनतरी पोतंभर पाला आणून माझ्या झाडून लख्ख केलेल्या आळ्यांत पसरला.

सुमनशी त्यांचं फार जमायचं. चैत्रात ती गच्चीवर ज्वारीची बिबडी, म्हणजे वाळवणाचे पापड, घालायची. भल्या सकाळी पीठ शिजवायचं, ओल्या धोतरावर पळीने गोल पसरायचं, उन्हं चढायच्या आत खाली यायचं. कावळ्यांपासून राखण करायला मला बसवलं, की मी वर्तमानपत्र वाचता वाचता झोपायचो आणि कावळे पोट भरून जायचे. आबा आपण होऊन गच्चीच्या जिन्यावर बसू लागले. बदल्यात त्यांना दुधाच्या रिकाम्या पिशव्या लागायच्या. सुमन त्या धुऊन, वाळवून, घडी करून ठेवायची. आबा त्यांच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापायचे आणि डोळा भरला की वरून गुंडाळायचे. दोघं तासन्‌तास बसून पट्ट्या कापायची आणि बोलायची. विषय बहुतेक मीच असायचो. मी जवळ गेलो की दोघंही गप्प व्हायची आणि आबा शेवग्याकडे बघायला लागायचे.

दुसऱ्या वर्षी माघात आबा एकदा आले, ते घमेल्यावर बसलेच नाहीत. उभेच. मला म्हणाले, “भाऊ, तुमना बांधवर ती रानटी बोर शे, ती मले देशात का?”

मला आधी वाटलं, सरपणाला हवी असेल. ती बोर म्हणजे आमच्या कोपऱ्यातली काटेरी जाळी. तिच्यात माझे दोन सदरे आणि एक चष्मा गेला होता. म्हटलं, “न्या की आबा, मुळासकट न्या.”

“नेवानी नई. आठेच ठेवानी. तिन्हावर मन्ही मायनी बोर भरानी शे.”

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या घराला कधीच जमीन नव्हती. पण हमरस्त्याच्या कडेला, सरकारी जागेत, एक बोर होती. त्यांच्या आईने लावलेली. आई दिवसभर लोकांच्या शेतात निंदायला जायची आणि हिवाळ्यात त्या बोरीची बोरं टोपलीत भरून एसटी स्टँडवर विकायची. “मन्ही माय ती बोरं ईकीसन मले शाळामा धाडे,” आबा म्हणाले. आता रस्ता रुंद होत होता आणि कडेच्या सगळ्या झाडांवर लाल खुणा मारून गेले होते. उन्हाळ्यात कापणार. आबांनी जन्मभर तालुक्याची झाडं लावली, पण आईच्या बोरीची कांडी लावायला त्यांच्याकडे एका झाडाएवढी माती नव्हती. हे सांगताना ते पहिल्यांदा माझ्याकडे बघत होते. मला ते सहन होईना, म्हणून मी बोरीकडे बघू लागलो.

त्या बोरीवरून मी हजारदा बसने गेलो होतो. तिचं फळ मात्र कधी चाखलं नव्हतं. कंट्रोलर माणूस, मधल्या थांब्याला उतरतो कशाला? पण मी एकदम जमीनदार झालो. “आबा, ही जमीन तुमचीच समजा,” असं काहीतरी दोन्ही हात पसरून बोललो. सुमन आतून बघत होती. नंतर म्हणाली, “वीस गुंठ्यांत एवढे हात पसरले तर शेजाऱ्याच्या शेतात जातील.”

आबांनी ती जाळी बुंध्यापासून हातभर ठेवून छाटली. नवे धुमारे फुटले. त्यांतले चार ठेवले, बाकीचे काढले. आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, झाली, गावच्या लेकी झोके खेळून सासरी परत गेल्या, आणि बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आबा ओल्या फडक्यात गुंडाळून आईच्या बोरीच्या कांड्या घेऊन आले. सोबत डब्यात आदल्या दिवशी केलेली खीर. आधी हात साबणाने धुतले, मला धुवायला लावले, वास्तविक मी नुसता बघणार होतो. मग चाकूने धुमाऱ्याच्या सालीला चीर दिली, चाकूच्या मुठीकडच्या टोकाने साल जराशी उचलली, कांडीवरचा डोळा काढला आणि आत सरकवला. एवढं होईस्तोवर त्यांनी श्वास घेतला नाही. मीही घेतला नाही, नंतर मला घेरी आली. चार धुमारे, चार डोळे, चार पट्ट्या. पंधरा दिवसांत तीन डोळे काळे पडले. एक हिरवा राहिला. आबांनी त्या धुमाऱ्याचा शेंडा मोडला, म्हणजे सगळा जोर त्या डोळ्याकडे जाईल.

नेमकं तेव्हाच त्यांना नाशिकला जावं लागलं. मुलगी मंगल तिथं शिक्षिका. हर्नियाचं ऑपरेशन आता पुढे ढकलायचं नाही, असा तिचा हट्ट. निघताना आबा मला बोरीपाशी घेऊन गेले आणि लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. “पट्टीना वर जे निंघी ते मन्हं. खाले जे निंघी ते रानटी, ते मोडी टाकानं. आनि पट्टीले हात लावानाच नई.” मी म्हटलं, “आबा, मी बत्तीस गाड्या एका वेळी सांभाळल्यात. एक डोळा सांभाळायला काय लागतं?”

ते गेल्यावर आठवड्याने मी बसने जळगावला चाललो होतो, तेव्हा रस्त्याकडेची ती बोर दिसली नाही. नुसता भुसा पडला होता. मी लगेच नाशिकला फोन लावला आणि मोठ्या आवाजात म्हणालो, “बोर पाडली आबा, पण काळजी नको. आपला डोळा खणखणीत आहे. मी आहे ना!” तिकडून “हां” एवढंच आलं.

आता पुढचं सांगायला माझी मलाच लाज वाटते, पण सांगतो. रोज बघता बघता मला वाटू लागलं, की ती प्लास्टिकची पट्टी फार आवळली आहे. बिचाऱ्या झाडाला फास बसतोय. आबांनी घाईत घट्ट बांधली असेल. मी ती सोडली. हलक्या हाताने, मायेने सोडली हो! त्यानंतर दोन दिवसांनी पाहतो तर धुमाऱ्यावर बोटभर अंतराने, जवळजवळ एकाच उंचीला, दोन अंकुर. एक टरारून वर निघालेला, तुकतुकीत, दांडगा. दुसरा फिकट, रडका, दोनच पानं. आता पट्टीच नाही, तर वरचं कोणतं आणि खालचं कोणतं? शिवाय जुन्या चिरा सगळीकडे सारख्याच दिसत होत्या. मी घमेलं पालथं घालून बसलो. पहिल्या दिवशी नुसतं बघायचं, हे मला तोंडपाठ होतं. पाच मिनिटं बघितलं. आणि विचार केला, की आबांसारख्या कसबी माणसाच्या हातचा डोळा मरतुकडा असेलच कसा? शक्यच नाही. जो दांडगा तोच आबांचा. आबांबद्दलच्या आदरापोटी मी नवीन मागवलेली कात्री काढली आणि रडका अंकुर कापून खताच्या खड्ड्यात टाकला.

दांडग्याला मी काठीचा आधार दिला, पाणी दिलं, फोटो काढून नाशिकला पाठवला. थोड्या वेळाने आबांचाच फोन आला. आवाज बारीक झालेला.

“काटा कितला शेतस, भाऊ?”

“भरपूर!” मी अभिमानाने म्हणालो. “जोडी-जोडीने आहेत. एकेक असा आकड्यासारखा वाकडा. पान लहान आहे, पण जोम विचारू नका.”

तिकडे कोणीच बोलेना. मला वाटलं रेंज गेली. मी हॅलो हॅलो केलं. मग आबा म्हणाले, “बरं शे. पानी देत ऱ्हा.”

सुमन शेजारीच भाजी निवडत बसली होती. काही न बोलता उठली, बोरीच्या बुंध्याला जमिनीलगत फुटलेला एक रानटी कोंब तोडून आणला आणि माझ्या मोबाईलमधल्या फोटोशेजारी धरला. तेच पान, तोच आकडा. मी खताच्या खड्ड्याकडे पळालो. शेण, भाजीची देठं, चहाचा चोथा, सगळं दोन्ही हातांनी उकरलं. तो अंकुर सापडला. वाळून काडी झाला होता, पण त्याची दोन पानं रुंद होती आणि त्याच्यावर एकच बारीक काटा होता. एका बाईने रस्त्याकडेला लावलेलं झाड, ज्यावर एक पोरगं शिकलं, त्या झाडाचा शेवटचा जीव माझ्या हातात होता आणि तो मीच कापला होता. मी तिथंच खड्ड्यात बसलो.

पुढचे दिवस वाईट गेले. मला जेवण जाईना. वेळापत्रकाचा पुठ्ठा काढून फाडला. आबांना फोन करायचा म्हणून मोबाईल हातात घ्यायचो आणि ठेवून द्यायचो. बत्तीस गाड्या सांभाळणारा मी, एका म्हाताऱ्याला खरं सांगायला घाबरत होतो. सुमनने टोमणा मारला नाही, त्यावरूनच प्रकरण किती गंभीर आहे ते मला कळलं.

आबा आषाढात परतले. खंगलेले, सायकल नाही, रिक्षाने आले. थेट बोरीपाशी गेले आणि बसले. मी मागे उभा. शेवटी मी म्हणालो, “आबा, मी तुमची बोर मारली.” आणि पट्टीपासून खड्ड्यापर्यंत सगळं सांगितलं. सांगताना रडलो, हेही सांगून टाकतो. साठीच्या माणसाने रडताना जो आवाज येतो तो चांगला नसतो. आबा बराच वेळ त्या दांडग्या धुमाऱ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “पट्टी तं सोडानी नव्हती, भाऊ.” एवढंच. सुमनने दिलेला चहा न पिता, ते हळूहळू चालत फाटकाबाहेर गेले.

चार दिवस आले नाहीत. पाचव्या दिवशी आले ते ओल्या फडक्यात कांडी घेऊन. मी बघतच राहिलो. “एक कांडी मी पहिलेच नर्सरीमा भरी ठेयेल व्हती,” आबा शेवग्याकडे बघत म्हणाले. “मन्हा ध्यानमाच नव्हतं.” रोपवाटिकेतल्या कुठल्याशा झाडावर आईच्या बोरीचा डोळा त्यांनी फार वर्षांपूर्वी भरला होता म्हणे. आजवर ते कधी याबद्दल बोलले नाहीत, मग आत्ताच कसं आठवलं, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. माझं एवढं ओझं उतरलं, की मी उलट त्यांच्यावरच उखडलो. “अहो आबा, हे आधी सांगायचं ना! माझा इथं महिनाभर जीव टांगणीला. अन्न गोड लागेना. काही विचार करायचा माणसाचा!” आबांनी ऐकून घेतलं. “चुकनंच ते,” म्हणाले. मग हात धुतले आणि त्याच दांडग्या धुमाऱ्यावर डोळा भरला. पट्टी बांधून झाल्यावर सुमनने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढचे दोन महिने त्या बाजूला फिरकलो नाही.

तो डोळा लागला. दीड वर्षाने, पौषात, पहिली बोरं आली. गोल, सोनेरी, अगदी सफरचंदाच्या पिल्लासारखी. आबांना आता दम लागायचा, तरी आले. मी पहिलं बोर त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते सदऱ्याला पुसलं, तोंडात टाकलं, हळूहळू चघळलं. बी काढून तळहातावर घेतली आणि मूठ मिटली. “हाईच,” ते म्हणाले. “मन्ही मायनी बोर.” मी सुमनकडे विजयी मुद्रेने पाहिलं. ती पदराने डोळे पुसत होती. मला वाटलं, आनंदाने.

त्यानंतर मी काय मिरवलो, विचारू नका. येईल त्या पाहुण्याला आधी बांधावर नेऊन ‘ही आबांच्या आईची बोर’ अशी गोष्ट सांगायचो. त्यात माझी चूक जरा कमी सांगायचो आणि माझी माया जरा जास्त. गेल्या भाद्रपदात आबा गेले. झोपेतच. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, दिवशी बौद्धवाड्यातल्या त्या अरुंद रस्त्यावर कुठल्या कुठल्या गावांची माणसं बसली होती, आणि तिथंही मी दोघा-तिघांना बोरीची गोष्ट ऐकवली.

यंदा माघात मंगल खोल्यांची आवराआवर करायला आली, तेव्हा आमच्याकडे आली. मी तिला ओट्यावर बसूसुद्धा दिलं नाही. बांधावर नेलं, ओंजळभर बोरं काढून दिली. “खा. तुझ्या आजीची बोर.”

तिने एक खाल्लं. दुसरं हातात घेऊन फिरवून पाहिलं. मग म्हणाली, “काका, आबांनी तुम्हाला शेवटपर्यंत सांगितलंच नाही का?”

“काय?”

“आजीची बोरं लांबट होती. टोकाला निमुळती, आणि गोडाच्या मागून अशी आंबट लागायची की डोळे मिटायचे. मी लहानपणी खिसे भरभरून खाल्लीत. ही रोपवाटिकेतली साधी बोर आहे. तिकडे सगळीकडे मिळते.”

मी बोरीला धरून उभा राहिलो. काटा टोचला, तरी हात काढला नाही. मंगल खालच्या आवाजात सांगत होती. त्या चार दिवसांत सुमन त्यांच्या घरी गेली होती. ‘हे जेवत नाहीत, रात्री उठून बसतात,’ असं तिने सांगितलं होतं. मग आबांनी मंगलला फोन केला. म्हणाले, “झाड तं गयंच. आते त्यान्हा मांगे मानूसबी काबर वाळू देवानं?” आणि दुसऱ्या दिवशी रोपवाटिकेत जाऊन समोर दिसली त्या झाडाची कांडी घेतली.

मी वळून सुमनकडे पाहिलं. ती ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती आणि मान वर करायला तयार नव्हती. म्हणजे अख्ख्या एरंडोल तालुक्यात हे मला एकट्यालाच ठाऊक नव्हतं. आईची बोर माझ्या हाताने गेली, आणि ते दुःख गिळून त्या माणसाने परक्या झाडाचं बोर माझ्यासमोर चघळून ‘हाईच’ म्हटलं. आणि मी? मी त्यांच्यावर उखडलो होतो, की आधी का नाही सांगितलं.

“मंगल,” मी म्हणालो, “माझ्यामुळे...” 

तिने न ऐकल्यासारखं केलं. झाडाभोवती एक फेरी मारली, बुंध्याशी वाकली, जिथे डोळा भरला होता तिथली जाड झालेली गाठ बोटांनी चाचपली. “नाशिकला घरामागे चार हात जागा आहे,” ती म्हणाली. “चैत्रात हिची कांडी द्याल मला?”

“अगं, पण ही साधी बोर. तुझ्या आजीची नाही.”

“आजीची बोर गेली, काका. ही माझ्या आबांनी भरली.”

मी तिला म्हटलं, कांडी नेऊ नकोस, मीच घेऊन येतो. आबांनी जाण्याआधी मला डोळा भरायला शिकवलं होतं, पण आजवर मी भरलेला एकही लागला नाही, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “मग जास्त कांड्या आणा.”